औषधाला गाव असतं

(मुकुटबन येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘अल्प उत्पन्न देशांमधील माता व नवजात बालकांच्या आरोग्याविषयीचं संशोधन’. एवढं लांबलचक नाव वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. मी तो विषय जरा खाली उतरवून सांगणार आहे, आणि सुरुवात मेंढ्यांपासून करणार आहे.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. कळा सुरू कशा होतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ते गाभण मेंढ्यांवर प्रयोग करत. गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं की मेंढी दिवस भरण्याआधीच व्यायची. अशातच एक कोकरू इतक्या कमी दिवसांचं जन्मलं की त्याचं जगणं शक्यच नव्हतं. त्याची फुप्फुसं तयार असण्याचं कारण नव्हतं. पण ते श्वास घेत होतं. लिगिन्स शोधायला गेले एक आणि हाती लागलं दुसरंच. पुढे बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्याबरोबर त्यांनी हाच उपाय बायकांमध्ये तपासला आणि १९७२ साली निष्कर्ष छापले : कमी दिवसांची कळ लागलेल्या बाईला हे इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात आणि बाळं वाचतात. नंतर जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. उत्तर तेच आलं.

इंजेक्शन स्वस्त. टोचायला सोपं. मग साहजिक प्रश्न आला की हे खेड्यापाड्यांत का देऊ नये? कमी दिवसांची सगळ्यात जास्त बाळं तर गरीब देशांतच मरतात. विचार चुकीचा वाटतो का? मला तरी वाटला नसता. सहा देशांत मोठी चाचणी उभी राहिली : अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत. भारतातल्या जागा दोन, बेळगाव आणि आपलं नागपूर. जवळपास एक लाख बाळंतपणं या अभ्यासात मोजली गेली. गावपातळीवरच्या नर्स आणि दाया यांना शिकवलं गेलं की बाई कमी दिवसांची आहे हे कसं ओळखायचं. शेवटच्या पाळीची तारीख ठाऊक नसेल तर पोटावर टेप लावून गर्भाशयाची उंची मोजायची आणि त्यावरून दिवस ठरवायचे.

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. फार लहान बाळांना काहीच फायदा झाला नव्हता. सगळी बाळं मिळून पाहिली तर जिथे इंजेक्शनं दिली त्या भागात पहिल्या २८ दिवसांत दर हजारी २७.४ मृत्यू, आणि जिथे दिली नाहीत तिथे २३.९. म्हणजे हजारामागे साडेतीन बाळं जास्त गेली. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली होती.

हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नव्हतो. चाळीस वर्षं सिद्ध असलेलं औषध, त्याच कुळातलं रसायन, तीच सुई, आणि निकाल उलटा. असं का व्हावं? इंजेक्शन मिळालेल्या बायकांपैकी बहुतेकींची बाळं नंतर लहान जन्मलीच नाहीत. त्यांना त्या औषधाची गरज नव्हती. टेप पोटाची उंची सांगतो. गर्भ कमी दिवसांचा आहे की पुऱ्या दिवसांचा पण बारीक आहे, हे त्याला कसं कळावं? आपल्याकडची बाळं मुळातच बारीक असतात. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या चमूने १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही खाली भरलं होतं. अशा मुलखात टेपवर विसंबून स्टेरॉइड टोचायचं, आणि वर कमी दिवसांचं बाळ जन्मलंच तर त्याला ऊब द्यायला, ऑक्सिजन द्यायला, संसर्ग आवरायला जवळपास कोणी नाही. मोठ्या रुग्णालयात औषधाच्या मागे उभं असलेलं सगळं गाडं इथे नव्हतंच.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नवी चाचणी केली. या वेळी जागा निवडल्या त्या रुग्णालयांच्याच : भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथली २९ रुग्णालयं, जिथे सोनोग्राफीने दिवस ठरवता येतात आणि नवजाताची काळजी घेता येते. २०२० साली निकाल आला. इंजेक्शन दिलेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न दिलेल्या गटात २३.५ टक्के. देश गरीबच होते, औषध तेच होतं, फक्त जागा बदलली होती. औषधाला गाव असतं, असं मी म्हणतो ते यावरून.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. तिच्यासाठी लांब जायला नको. वणी, चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास तिथे गेले. आधी त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या दायांना अक्षरओळख नव्हती, लांब मोजदाद जमत नव्हती. म्हणून त्यांच्यासाठी एक साधन बनवलं गेलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि बाजूला सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी. वाळू संपेपर्यंत खुणेचा मणी सरकला तर न्यूमोनिया. हे साधन दिल्लीच्या किंवा जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत कोणाला सुचलं नसतं, कारण तिथे मोजता न येणारं माणूस कोणी भेटतच नाही.

त्यानंतर ते नवजात बाळाकडे वळले. १९९५-९६ या एका वर्षात त्यांनी ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघर नोंद केली. जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच. निम्म्याहून जास्त बाळांना, नेमकं सांगायचं तर ५४.४ टक्क्यांना, वैद्यकीय उपचार लागावेत असं काही ना काही झालं होतं. उपचार मिळाले २.६ टक्क्यांना. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत बाळं मरत होती, आणि ती मेल्याची नोंदसुद्धा बहुतेकदा कुठे होत नव्हती. जन्मून दोन दिवसांत गेलेलं लेकरू पुरलं की विषय संपला. त्याचं नावच ठेवलेलं नसायचं, तर रजिस्टरात काय लिहिणार?

मग त्या गावांतल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं. बाळ रडलं नाही तर नाकातोंडावर मास्क लावून श्वास द्यायचा. वजन करायचं, अंग गार पडलंय का पाहायचं, दूध ओढतंय का पाहायचं. आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर घरातल्या माणसांची परवानगी घेऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं.

या शेवटच्या कलमावर डॉक्टर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडणारच. दहावीही न झालेली बाई तीन दिवसांच्या बाळाला सुई टोचणार? मीही वैद्यक शिकवण्यात आयुष्य घालवलंय, मला ती आठी कळते. पण आठीला पुराव्याने उत्तर द्यावं लागतं, आणि ते मिळालं. अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, शेजारच्या ४७ तुलनेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६० च्या घरातच होता आणि आरोग्यदूतांच्या ३९ गावांत तो २५.५ वर आला होता. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं, तेव्हा घरच्या घरी नवजात वाचवता येतं यावर जगाचा विश्वास बसायला सुरुवात झाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजाताच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत ‘गृहाधारित नवजात काळजी’ सुरू केली : दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, आणि या सहा भेटींचे मिळून २५० रुपये.

समोर बसलेल्या आशाताई हसल्या. का हसल्या ते मला माहीत आहे.

तर पाहा, एकीकडे ऑकलंडहून निघालेलं, शंभर ठिकाणी सिद्ध झालेलं इंजेक्शन सहा देशांच्या चाचणीत बाधलं. दुसरीकडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात न बसणारी सुई गडचिरोलीच्या घरात बाळं वाचवून गेली. फरक असा की दुसऱ्या ठिकाणी प्रश्नच तिथल्या घरात बसून तयार केला होता. आणि एक बारीक गोष्ट, जी सरकारी योजनेत गळून पडली. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या पाठीशी नियमित देखरेख होती आणि तिच्या हातात सुई होती. देशभरच्या योजनेत घरभेटी आल्या, वजनकाटा आला, फॉर्म तर भरपूर आले. सुई आशांच्या हाती आली नाही. ती नको, असं म्हणायला कारणं असतीलही, कारण आता दवाखाने जवळ आलेत. पण मग ‘आम्ही गडचिरोलीचा प्रयोग राबवतो’ असं म्हणू नये. त्यातला अर्धा राबवतो, असं म्हणावं.

बेळगावकडे थोडं वळू. बाळंतपणानंतर जास्त रक्त गेल्याने बाई मरते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. रक्त थांबवायचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. पण ते इंजेक्शन, आणि थंडाव्यात ठेवावं लागतं. गावातल्या उपकेंद्रात फ्रिज कुठला आणि वीज किती वेळ? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात १,६२० बायकांमध्ये मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तपासल्या. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. गोळ्या दिल्या त्या गावपातळीवरच्या नर्सबाईंनी. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी मिसोप्रोस्टॉल घेतलं.

मला त्या गोळीपेक्षाही एक प्लास्टिकचा कपडा जास्त आवडतो. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी ठरवलं तर अंदाज बहुतेकदा कमी निघतो. किती लुगडी भिजली यावर काही ठरत नाही. म्हणून बाळंतिणीच्या खाली पसरायचा, टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि त्यावर मापाच्या रेघा असलेला कपडा त्या अभ्यासात वापरला. रक्त पिशवीत उतरतं आणि रेघ सांगते. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला, त्यात असाच मापाचा कपडा आणि त्यावरून ताबडतोब सगळे उपचार एकत्र सुरू करण्याची शिस्त, यामुळे गंभीर रक्तस्राव ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. कपड्याची किंमत किती ती असेल, पण ‘जातंय तेवढं जाऊ दे, थांबेल’ हे वाक्य त्याने बंद केलं.

आता जरा अवघड बोलतो. बेळगावच्या त्या अभ्यासात अर्ध्या बायकांना खरी गोळी होती आणि अर्ध्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली. त्याशिवाय गोळी काम करते हे कळत नाही, हे खरं. त्या गावांत तेव्हा दुसरं औषध मिळतच नव्हतं, त्यामुळे कोणाचं काही काढून घेतलं नाही, हेही खरं. तरी मला प्रश्न पडतो : गरिबाच्या गावात काहीच मिळत नाही, याच गोष्टीमुळे तिथे चाचणी करणं सोपं जातं, हे आपल्याला चालतं का? ज्यांच्या अंगावर उत्तर शोधलं त्यांच्या गावात उत्तर सगळ्यात आधी पोचायला हवं, एवढी अट मी तरी घालीन. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनमार्फत पूर्व विदर्भातल्या कितीतरी गावांतल्या बायका अशा आंतरराष्ट्रीय अभ्यासांत सहभागी झाल्या आहेत. पहिलटकरणींना रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली तर कमी दिवसांची बाळंतपणं घटतात, हे २०२० मध्ये सहा देशांतल्या ११,९७६ बायकांवरून कळलं (१३.१ टक्क्यांवरून ११.६). कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिला तर आईचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येतो, हे २०२३ मध्ये २९ हजारांहून जास्त बायकांवरून कळलं. बाळांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. या दोन्ही अभ्यासांत नागपूर आणि बेळगावच्या बायका होत्या. त्यांतल्या किती जणींना कोणी येऊन सांगितलं असेल, की बाई, तुझ्यामुळे जगाला हे कळलं?

बाळाचं आणि बाळंतपणाचं एवढं बोललो, आणि खुद्द आईवर यायला उशीर झाला. सगळं संशोधनही असंच उशिरा तिच्याकडे आलं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये छापलं की त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधी तपासणी झाली होती ती अवघ्या ८ टक्क्यांची. तोपर्यंत बाई म्हणजे गरोदर पोट किंवा कुटुंबनियोजनाची केस, एवढंच सरकारी खात्याला दिसत होतं. पुढे ७७२ बाळंतिणींचा घरोघर अभ्यास झाला. कळांच्या वेळी त्रास झालेल्या १७.७ टक्के, आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत त्रास झालेल्या ४२.९ टक्के. छातीत गाठी, अंगावरून पुन्हा जास्त जाणं, ताप, झोप न लागणं. खाट वर उचलून धुरी घेतलेली बाई यातलं काय सांगते? ‘बाळंतपणात असंच असतं.’ घरभेटीच्या फॉर्मवर बाळाच्या रकान्यांपुढे आईचे रकाने मोजून पाहा.

आज चित्र बदललंय, हे कबूल केलंच पाहिजे. २०२० च्या पाहणीनुसार महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचा २०. राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण सरासरी हा फार गोड आकडा असतो. त्यात पुण्याची सोसायटीही असते आणि झरी जामणीतलं कोलाम आदिवासींचं पोडही असतं. आणि बाळंतपण दवाखान्यात गेलं तसा मृत्यूही जागा बदलतो : घरातून निघून तो पहिल्या दिवसात, ‘रेफर’ केलेल्या गाडीत आणि रस्त्यावर जाऊन बसतो. त्या प्रवासाचा अभ्यास गडचिरोलीच्या १९९८ च्या आकड्यांवरून होणार नाही. तो इथेच करावा लागेल.

आदिवासी भागात आरोग्य केंद्राला लागून ‘माहेरघर’ची योजना आहे, दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहावं अशी. कल्पना उत्तम. पण कापूस वेचणीच्या हंगामात मागे दोन लेकरं आणि रोजची मजुरी सोडून ती येईल का? आली नाही तर कागदावर ‘लाभार्थी अनुत्सुक’ असं लिहिणं सोपं. संशोधन तिथून पुढे सुरू होतं. तसाच या भागातल्या खाणी, चुनखडी आणि ट्रकांच्या धुळीचा प्रश्न. गरोदर बाईच्या श्वासाचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध असेलच, असं वाटतं. वाटण्यावर थांबू नका. चुलीच्या धुराबद्दलही सगळ्यांना तसंच वाटत होतं. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडामधल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस पुरवून तपासलं गेलं, तेव्हा २०२२ मध्ये कळलं की बाळांच्या वजनात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणून धूर चांगला ठरत नाही. पण वजन वाढवायचं असेल तर आणखी कुठेतरी पाहावं लागेल, हे ठरतं. तेव्हा मुकुटबनच्या धुळीबद्दल घोषणा देण्याआधी मोजा, आणि मोजणारं माणूस ना खाणवाल्यांचं असावं ना खाणींविरुद्ध निवडणूक लढवणारं.

सुरुवात कशाने करायची, असं संयोजकांनी मला चहाच्या वेळी विचारलं. माता आणि बालमृत्यूंचं अन्वेषण शासन करतंच. समिती असते, फॉर्म असतो. नावं झाकून त्यातला एवढाच भाग दर वर्षी ग्रामसभेत वाचला जावा : कितव्या दिवशी, कुठे, आणि कोणत्या कारणाने. आणि मुकुटबनहून वणीला, वणीहून चंद्रपूर किंवा यवतमाळला पाठवलेल्या प्रत्येक बाळंतिणीच्या नोंदीत दोन रकाने वाढवावेत, गाडी बोलावल्याची वेळ आणि पुढच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावल्याची वेळ. वर्षभरात जमलेले ते आकडे घेऊन कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात गेलात तर तिथले लोक तुम्हाला बसायला खुर्ची देतील. नाही दिली तर मला कळवा.